बोरखडीचा बरड आणि तानुबाई

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात बोरखडी नावाचं गाव आहे. गावाच्या उगवतीला लांबच लांब दगडाळ चढ आहे, त्याला सगळे बरड म्हणतात. लेंडी नाला त्या बरडावरच जन्म घेतो, गावाला वळसा घालतो आणि पुढे बेंबळा नदीला जाऊन मिळतो. गाव उंचावर आणि बौद्धांची वस्ती खाली, नाल्याच्या काठाला. गावातल्या विहिरी गावाच्या होत्या. वस्तीतल्या बायका नाल्याच्या वाळूत खड्डा खोदून झिरा करायच्या आणि त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या.

तानुबाई तायडे लग्न होऊन वस्तीत आली तेव्हा सासूनं तिला पहिल्यांदा झिऱ्यावरच नेलं होतं. चैत्राचे दिवस होते, तरी कोपरभर वाळू उकरली की पाणी लागायचं. दहा-बारा वर्षांत ते बदललं. होळी झाली की माणूस उभा राहील एवढं खोल जावं लागे आणि कडा ढासळून पुन्हा सगळं बुजून जाई. एकदा तिची जाऊ रुख्मिणी कमरेपर्यंत वाळूत दबली. बायकांनी तिला ओढून काढलं.

पाणी कुठं गेलं, असा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. बरड सरकारी, म्हणून गावची आणि शेजारच्या गावांचीही ढोरं त्यावर बाराही महिने चरत. फाल्गुनात कोणीतरी वाळलेल्या गवताला काडी लावून देई, म्हणजे राखेतून कोवळे कोंब फुटतात. सरपणासाठी हिवर आणि पळस तुटत गेले. पावसाळ्यात बरडावरून पिवळा-तांबडा लोंढा धावत येई, नाल्याकाठच्या वावराचा एखादा धुरा, म्हणजे बांध, खाऊन जाई आणि दसऱ्याला नाल्यात पाय भिजवायलाही पाणी उरत नसे.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली बहुतेक माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. तानुबाई आणि तिचा नवरा बुधाजी बडनेऱ्याहून गाडीत उभ्यानं गेले आणि उभ्यानंच परत आले. बुधाजी फार कमी बोलणारा माणूस. परत आल्यावर त्यानं गावात जाऊन एवढंच सांगितलं की मेलेली ढोरं आता आम्ही ओढणार नाही आणि गावकीची सांगावे पोचवायची कामंही करणार नाही.

गावातले मोठे शेतकरी महादेवराव यांना हे लागलं. माणूस तसा दुष्ट नव्हता. अडीनडीला धावून जाणारा होता, पण आपल्या बापाच्या वेळेपासून जे चालत आलं ते कोणी आपल्याला न विचारता मोडावं, हे त्यांना सहन होईना. जे गावाचं काम करत नाहीत त्यांना गावाच्या वावरात काम नाही, असं त्यांनी ठरवलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. कापूस फुटून पांढरा झाला होता. वेचणीला बाहेरगावच्या बायका आल्या. वस्तीतल्या बायका दारात बसून त्यांना जाताना पाहत होत्या. तानुबाई रोज पहाटे उठून दूरदूरच्या गावांना कामासाठी जाऊ लागली. मोठी लेक ललिता घरात धाकट्याला सांभाळी.

त्याच हिवाळ्यात जंगल खात्यानं बरड राखीव करून त्यावर चराईबंदी घातली. बरडाच्या राखणीला नाकेदार म्हणून नत्थुजी नावाचा माणूस आला. त्यानं गावात दवंडी दिली की बरडावर आडवे चर खोदायचे आहेत, मजूर पाहिजेत. गावातून एकही माणूस गेला नाही. ढोरं बंद केली म्हणून सगळे खात्यावर चिडलेले होते. नत्थुजी दोन दिवस फिरला आणि तिसऱ्या दिवशी वस्तीत आला.

वस्तीतल्या पंचांना ही भानगड नको होती. आधीच गाव बिथरलेलं, त्यात आपण सरकारचं काम करून त्यांची ढोरं अडवायला मदत केली तर जगणं कठीण होईल, असं जाणती माणसं म्हणू लागली. तानुबाई बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. ती म्हणाली, "गावानं काम बंद केलं, बोलनं बंद केलं. आता आनखी काय बंद करतीन? पानी तं आधीच बंद हाय. मी जाऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी ती, बुधाजी आणि रुख्मिणी अशी तिघंच कुदळी घेऊन बरडावर गेली. आठवडाभरात निम्मी वस्ती तिथं होती.

चर कशासाठी, हे नत्थुजीनं सांगितलं ते असं: धावणारं पाणी चालायला लावायचं, चालणारं पाणी थांबवायचं आणि थांबलेलं जमिनीत मुरवायचं. हे त्याला वरून सांगितलं होतं, त्यानं स्वतः कुठं पाहिलेलं नव्हतं आणि तसं त्यानं मोकळेपणानं कबूलही केलं. चर एका पातळीत पाहिजेत, एवढं त्याला ठाऊक होतं. पातळी मात्र सगळ्यांनी डोळ्यांनीच धरली. उन्हाळाभर माणसं दगडात कुदळी मारत होती. वर दगडाचे बांध रचले, चरांच्या काठानं गवताचं बी फेकलं.

ज्येष्ठात पहिला मोठा पाऊस आला आणि सगळं मुसळ केरात गेलं. चरांना एका बाजूला उतार राहिला होता. पाणी थांबण्याऐवजी चरातून धावत एका टोकाला गेलं, तिथून फुटलं आणि खालचे चर एकामागोमाग फोडत गेलं. संध्याकाळपर्यंत बरडाच्या अंगावर नवी घळ पडली. त्या घळीतला गाळ महादेवरावांच्या नाल्याकाठच्या वावरात जाऊन बसला. गावात लोक हसले. वस्तीतही काही जण म्हणाले की यापेक्षा नसतं खोदलं तर बरं होतं. तानुबाई दोन दिवस जेवली नाही, असं रुख्मिणी पुढे सांगायची. तिला हसण्याचं दुःख नव्हतं. आपल्या हातानं खोदलेल्या मातीनं नाला भरला, याचं होतं.

नत्थुजीनं मात्र चूक लपवली नाही. तो रेंजर साहेबांकडे गेला, जे झालं ते सांगितलं आणि साहेब पाऊस उघडल्यावर एका सर्व्हेवाल्याला घेऊन आले. त्यानं तिपाईवर दुर्बीण लावली, तानुबाईच्या हातात आकडे लिहिलेली उंच पट्टी दिली आणि तिला बरडभर फिरवलं. जाताना त्यानं सुताराकडून एक लाकडी घोडी करवून दिली. दोन पाय, मध्ये आडवी पट्टी आणि वरून दोरीला टांगलेला दगड. दोरी पट्टीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय सारख्या पातळीवर आहेत असं समजायचं. त्या घोडीनं मापून दुसऱ्या हिवाळ्यात सगळे चर पुन्हा आखले. घळीत खालून वर दगडाच्या ताली, म्हणजे आडवे बांध, घातल्या. पुढच्या पावसाळ्यात दोन ठिकाणी फुटलं, बाकीचं टिकलं. चरांमध्ये पाणी उभं राहिलं आणि तिसऱ्या दिवशी ते दिसेनासं झालं.

पहिली दोन वर्षं बरडावर नुसती कुसळ वाढली. कपड्यांत आणि पायांत घुसणारं ते गवत ढोरंसुद्धा आनंदानं खात नाहीत. तिसऱ्या वर्षापासून चरांच्या काठानं ढोरांना आवडणारं मारवेल गवत दिसू लागलं, मग पवन्या. माथ्यावर खडक होता, तिथं काही फारसं उगवलं नाही, तिथं चंडोल आणि टिटव्याच राहिल्या. मधल्या उतारावर कमरेएवढं गवत झालं. खालच्या घळीत, जिथं ताली होत्या, तिथं तोडलेल्या हिवरांच्या बुडख्यांतून फुटवे निघाले आणि त्यांचं दाट बन झालं. ससे आले, तित्तर आले आणि त्यांच्या मागं एक कोल्ह्याचं जोडपं.

रेंजर साहेबांनी एक चांगली गोष्ट केली. गवताचा लिलाव न करता कापणीचा हक्क चर खोदणाऱ्या कुटुंबांना दिला. दसऱ्यानंतर वस्तीतल्या बायका इळे घेऊन बरडावर जात, भारे बांधत आणि बडनेऱ्याच्या टांगेवाल्यांना, गवळ्यांना गवत विकत. गावाच्या वावराशिवायही चूल पेटते, हे वस्तीला कळलं. गावालाही ते कळलं. दोन वर्षांनी वेचणीच्या वेळी एकेक शेतकरी हळूच वस्तीत निरोप धाडू लागला. महादेवरावांनी धाडला नाही.

एके वर्षी भाद्रपदात गवत चांगलं हिरवं होतं. हिरव्या गवताला गिऱ्हाईक लगेच मिळतं, म्हणून बायकांनी लवकर कापणी सुरू केली. तानुबाईचा इळा एका झुबक्याजवळ गेला आणि पायापाशी काहीतरी हललं. मातकट, ठिपक्यांची एक पाखरीण जमिनीला चिकटून बसली होती. इळा हातभर अंतरावर असूनही ती उठली नाही. मान खाली घालून तशीच बसून राहिली. तानुबाई मागे सरली, तेव्हा कुठं ती चार पावलं धावली आणि खाली हिरवट अंडी दिसली.

नत्थुजीनं सांगितलं की हा तणमोर. पावसाळ्यात उंच गवत असेल तिथंच येतो, तिथंच अंडी घालतो. यातला नर काळा असतो आणि गवतातून उंच उडी मारून मादीला बोलावतो. गावातल्या म्हाताऱ्यांना हे पाखरू माहीत होतं. आपल्या लहानपणी बरडावर पुष्कळ होते, मग दिसेनासे झाले, असं ते म्हणत. त्यानंतर तानुबाईनं नर पाहायचं मनावर घेतलं आणि पुढच्या श्रावणात तिला तो दिसलाही. घरी येऊन ती ललिताला ते सांगताना स्वतःच हातवारे करून उड्या मारत होती म्हणे. एरवी ही बाई कधी मोठ्यानं हसायचीही नाही.

तिनं बायकांना सांगितलं की मधल्या उतारावर दसऱ्याच्या आत इळा लावायचा नाही. यावरून वस्तीत मोठं भांडण झालं. रुख्मिणी सगळ्यांत जास्त चिडली. तिच्या नवऱ्याचा दमा वाढला होता, घरात तिच्या एकटीची कमाई. ती म्हणाली, "पाखरासाठी मानसानं उपाशी राहावं काय व? तुले पाखरू दिसते, माह्ये लेकरं नाई दिसत काय?"

त्यात खोटं काही नव्हतं, हे तानुबाईलाही कळत होतं. तिनं नत्थुजीशी बोलून वाट काढली. नाल्याकाठच्या पट्ट्यात, जिथं तणमोर बसत नाही, तिथलं हिरवं गवत लवकर कापायचं आणि त्यात पहिला वाटा रुख्मिणीचा. रुख्मिणी काही महिने अबोला धरून होती. नंतर तीच इतर बायकांना उतारावरून हाकलू लागली.

या सगळ्यात नाल्याचं काय झालं, ते कोणी एका दिवशी पाहिलं नाही. आधी लोंढ्याचा रंग बदलला. मग दसऱ्याआधीच आटणारा नाला दिवाळीपर्यंत वाहू लागला, मग पौषापर्यंत. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला झिऱ्याला पुन्हा कोपरभर खोलीवर पाणी लागलं. नाल्याकाठी महादेवरावांची वावरातली विहीर होती. तिचं पाणी उन्हाळ्यात तळाला जात असे, ते आता टिकू लागलं. महादेवरावांची बायको मैनाबाई मोटेवर बसणाऱ्या गड्याला रोज भाकरी घेऊन जायची. पाणी का टिकलं, हे तिनं नवऱ्याच्या आधी ओळखलं. घरी बोललीही. महादेवराव म्हणाले की पाऊस बरे झाले, दुसरं काही नाही.

मग पासष्ट साल आलं. पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, कडबा झालाच नाही. दिवाळीला गावातली ढोरं हाडाची दिसू लागली आणि वर बरडावर गवत मात्र उभं. इतर वर्षांपेक्षा विरळ, पण उभं.

एका सकाळी नत्थुजी तालुक्याला गेला असताना गावानं ढोरं सोडली. शंभराच्या वर जनावरं, पुढे महादेवराव, हातात काठी. बरडाच्या तोंडाशी दगडी कुंपणात एक वाट होती. तिथं तानुबाई आणि पाच-सहा बायका भारे बांधत होत्या. तानुबाई उठली आणि वाटेत उभी राहिली. हातातला इळा तिनं खाली ठेवला. मागून बायकाही येऊन उभ्या राहिल्या.

महादेवराव शांतपणे म्हणाले, "तानू, बाजूले हो. ढोरं मरून राहिली."

"दिसते मले," तानुबाई म्हणाली. "ढोरं आत गेली तं आठ दिवसांत सारं साफ होईन. मुळासकट. मंग पुढच्या वर्षी काय चारसान? गवत गेलं तं मातीबी जाते. तुमच्या विहिरीत पानी कुठून येते, मैनाबाईले विचारा."

"मंग मरू देऊ काय?"

"कापून न्या. ढोरं भाईर राहू द्या न् मानसं आत या. लागन तेवढं कापा, आमी कुठं कापाचं ते दाखवतो. नाकेदाराले मी सांगीन."

महादेवरावांनी काठी जमिनीला टेकवली. गवत कापायला ना नव्हती, पण ते या बाईला विचारून, तिनं दाखवलेल्या जागेवर कापायचं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. मागे कोणीतरी ढोरं हाकलायला आवाज दिला. तेवढ्यात मैनाबाई गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात म्हशीचा दोर होता. तिनं तो दोर नवऱ्याच्या हातात दिला, कुंपणाच्या वाटेतून आत शिरली आणि म्हणाली, "तानुबाई, एक इळा दे. माहा घरी राहिला."

तानुबाईनं जमिनीवरचा आपला इळा उचलून तिला दिला. महादेवराव दोर धरून उभे होते. थोड्या वेळानं ते वळले आणि ढोरं घेऊन परत गेले. दुपारी गावातल्या वीस-पंचवीस बायका इळे घेऊन आल्या.

नत्थुजीनं संध्याकाळी आल्यावर कपाळावर हात मारला, पण दुसऱ्या दिवशी रेंजर साहेबांकडून परवानगी आणली. तो हिवाळाभर गावाच्या आणि वस्तीच्या बायका एकाच उतारावर कापत होत्या. सुरुवातीला दोन वेगळ्या रांगा. मग जेवायच्या वेळी लोणचं इकडून तिकडं जाऊ लागलं. काही घरच्या बायका शेवटपर्यंत वेगळ्याच बसल्या, तेही खरं. गावाची बरीच ढोरं वाचली, सगळी नाही.

उन्हाळ्यात गावातल्या विहिरी आटल्या. महादेवरावांच्या विहिरीतलं पाणी ढोरांना आणि संत्र्याच्या चार झाडांनाही पुरेना, मग तेही संपलं. पाझर राहिला तो फक्त नाल्यात. गावातल्या काही पुरुषांनी वस्तीच्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला आपला वेगळा झिरा खोदला. तिथं खडक लागला. मग त्याहून वर खोदला, तिथं थोडं पाणी मिळालं.

मैनाबाई तिकडे गेली नाही. एक दिवस ती घागर घेऊन वस्तीच्या झिऱ्यावर आली आणि रांगेत बसली. वस्तीतल्या बायका पाहतच राहिल्या. झिऱ्यात एका वेळी एकच बाई बसते, वाटीनं पाणी उपसते आणि वरची घागर भरून देते. तेव्हा आत तानुबाई होती. मैनाबाईचा नंबर आला. तानुबाईनं वर पाहिलं आणि विचारलं, "माह्या वाटीनं भरू काय? का तुमी सोता उतरता?"

"माहे गुडघे दुखते," मैनाबाई म्हणाली. "तूच भर."

घागर भरायला बराच वेळ लागला, पाणी हळूहळू जमत होतं. दोघी म्हशीच्या दुधाबद्दल आणि ललिताच्या शाळेबद्दल बोलत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही मैनाबाई आली. घरात यावरून काय बोलणं झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. महादेवराव ते पाणी प्याले, एवढं गावाला माहीत आहे, कारण दुसरं पाणी घरात नव्हतंच. पुढे अडुसष्ट साली पंचायतीनं नाल्याकाठी सगळ्यांसाठी एक विहीर खोदली. ठराव महादेवरावांनीच मांडला. भाषण वगैरे केलं नाही.

त्याच सुमाराला आमच्या येवती गावानं बोरखडीला निरोप धाडला. आमच्याही गावाला असाच एक बोडका माळ आहे आणि बोरखडीचा नाला हिवाळाभर वाहतो हे आम्ही पाहत होतो. तानुबाईनं येऊन चर आखून द्यावेत, असं आमच्या लोकांचं म्हणणं होतं. ती एकटी येईल असं वाटलं होतं. आली ती महादेवरावांच्या बैलगाडीतून, सोबत मैनाबाई आणि मागे लाकडी घोडी बांधलेली. तेव्हा मी हायस्कुलात मास्तर म्हणून नवाच लागलो होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो, म्हणून हे मला प्रत्यक्ष पाहायला मिळालं.

ती ठेंगणी आणि काटक बाई होती. केस पांढरे व्हायला लागलेले. आमच्या सरपंचांनी चहा मागवला, पण ती आधी माळावर गेली. घोडी ठेवली, दोरी स्थिर व्हायची वाट पाहिली, पाय थोडा सरकवला, खडूनं खूण केली. आमची पोरंटोरं मोठ्या उत्साहानं कुदळी घेऊन उभी होती. त्यांना तिनं त्या दिवशी खोदू दिलं नाही. पाऊस येईपर्यंत वेळ आहे, आज नुसत्या रेघा ओढू, असं म्हणाली. आमच्याकडचा कोणीतरी म्हणाला की एवढं कशाला मापायचं, डोळ्यांना सरळच दिसतं आहे.

"आमालेबी दिसलं होतं," ती म्हणाली. "एक वर्ष वाया गेलं न् दुसऱ्याचं वावर बुजलं. त्याईनं अजून बोलून दाखवलं नाई." शेवटचं वाक्य बोलताना तिनं मैनाबाईकडे पाहिलं. मैनाबाई बाभळीच्या सावलीत पाय पसरून बसली होती.

"दाखवते ना," मैनाबाई म्हणाली. "आमचे हे घरी रोज दाखवते. तुले आयकू येत नाई एवढंच."

दोघी हसल्या. मग तानुबाईनं घोडी उचलली, दहा पावलं पुढे नेली आणि पुन्हा ठेवली. आमच्या गावची इंदूबाई खडू घेऊन तिच्या मागे मागे जाऊ लागली.